बियाणं की रान? गर्दीतल्या दीर्घिकांची गोष्ट
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

या वेळेला आपण एरवी बोलतो ते जमाखर्चाच्या वहीबद्दल, बँकेच्या कर्जाबद्दल, नाहीतर शेळीच्या लसीबद्दल. पण गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या गटांतून एकच मागणी आली, की ताई, एकदा आकाशाबद्दल सांगा. एका मावशींनी तर नेमका प्रश्नच पाठवला. मोबाइलवर म्हणे दाखवतात की आपली आकाशगंगा दुसऱ्या आकाशगंगेवर जाऊन आदळणार आहे. खरं का हे? आणि आदळली तर आपल्या लेकराबाळांचं काय?

मी कला शाखेची बी. ए. आहे, शास्त्रज्ञ नाही. पण प्रश्न इतका चांगला होता की वाचायला बसले, आणि वाचता वाचता त्याच्याहून मोठ्या प्रश्नाशी येऊन थांबले. आज दोन्ही सांगते.

आधी ओळख करून घेऊ. उन्हाळ्यात अंगणात झोपल्यावर, गावची लाईट गेलेली असली की डोक्यावरून एक पांढुरका पट्टा गेलेला दिसतो. ती आपली आकाशगंगा. आपला सूर्य तिच्यातला एक साधा तारा. असे दहा हजार कोटींहून जास्त तारे तिच्यात आहेत. आणि आकाशगंगेसारखी ताऱ्यांची वस्ती ही एकच नाही, अशा अब्जावधी आहेत. त्या सगळ्यांना मराठीत दीर्घिका म्हणतात. आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं नाव, जसं गाव म्हणजे कुठलंही गाव आणि आपल्या गावाला आपलं नाव.

दीर्घिकांचे आकार मला दिवाळीच्या फराळावरून लक्षात राहिले. काही चकलीसारख्या असतात, चपट्या, वळणावळणाच्या. त्यांना सर्पिल दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा त्यातलीच. काही लाडवासारख्या, गोल किंवा जरा लांबट, वळण नाही की नक्षी नाही. त्या लंबवर्तुळाकार. आणि काही मधल्या, मसुराच्या दाण्यासारख्या चपट्या पण वळणं पुसून गेलेल्या. त्यांना भिंगाकार म्हणतात. गंमत अशी की इंग्रजीत भिंगाला जो लेन्स शब्द आहे, तो मुळात मसुराच्याच नावावरून आलाय.

चकली आणि लाडू यांत फरक नुसता आकाराचा नाही. चकल्या निळसर दिसतात, लाडू तांबूस. निळे तारे मोठे, फार तापलेले आणि कमी आयुष्याचे असतात. तांबूस तारे लहान, थंड आणि चिवट, ते पुष्कळ जगतात. म्हणजे ज्या दीर्घिकेत निळे तारे दिसतात तिथे पाळणा अजून हलतोय, नवे तारे जन्मतायत. जिथे सगळंच तांबूस, तिथे नवा जन्म थांबलाय, जुनी मंडळी तेवढी उरलीत. तारा जन्मायला कच्चा माल लागतो तो म्हणजे थंड वायू, त्यातही मुख्य हायड्रोजन. वायू असेल तर तारे होतील, वायू संपला की संपलं. ही एक गोष्ट तेवढी धरून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आता मावशींचा प्रश्न. आपल्या शेजारची मोठी दीर्घिका म्हणजे देवयानी. प्रकाश एका वर्षात जेवढं जातो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. आकाशगंगेची रुंदी आहे साधारण एक लाख प्रकाशवर्षं आणि देवयानी आहे पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर. ती आपल्याकडे येते आहे हे खरं, सेकंदाला साधारण ११० किलोमीटर वेगाने. बरीच वर्षं सगळे सांगत होते की चार-पाचशे कोटी वर्षांनी दोघी नक्की एकमेकींत मिसळणार. २०२५ मध्ये हबल आणि गाया या दुर्बिणींची मापं घेऊन पुन्हा हिशेब मांडला, त्यात शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही धरली. तेव्हा निघालं की पुढच्या हजार कोटी वर्षांत हे मिलन होण्याची शक्यता निम्मी-निम्मीच आहे. होईल किंवा नुसतंच जवळून जाणं होईल.

आणि झालंच, तर तारे एकमेकांवर आदळतील का? जवळजवळ नाहीच. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा धरा. तर त्याचा सर्वांत जवळचा तारा, म्हणजे दुसरा दाणा, शंभरेक किलोमीटर लांब पडेल. एक दाणा पुण्यात, दुसरा साताऱ्याकडे आणि मध्ये काहीच नाही. असे दाण्यांचे दोन थवे एकमेकांतून गेले तर दाण्याला दाणा लागणार कसा? पण आता अख्खी दीर्घिका एक भाकरी धरा, वीतभर रुंदीची. मग देवयानी कुठे? पाचेक मीटरवर, अंगणाच्या पलीकडच्या कडेला. ताऱ्यांच्या मध्ये अफाट मोकळी जागा आहे, पण दीर्घिकांच्या मध्ये त्यांच्या आकाराच्या मानाने फारशी नाही. म्हणून तारे एकमेकांना शिवत नाहीत आणि दीर्घिका मात्र एकमेकींना ओढतात, वाकवतात, गिळतात. शिवाय सूर्याचं स्वतःचं तेज एवढं वाढत जाणार आहे, की देवयानी यायच्या कितीतरी आधी पृथ्वीवरचं पाणी आटलेलं असेल. तेव्हा मावशी, ही काळजी आजच्या यादीतून काढून टाका.

पण हे झालं वाडीवरचं. आपली आकाशगंगा, देवयानी आणि तिसरी एक मध्यम दीर्घिका, बाकी सगळ्या चिल्ल्यापिल्ल्या, असा आपला स्थानिक गट आहे. साधारण एक कोटी प्रकाशवर्षं रुंदीच्या जागेत मोठी घरं दोन-तीनच. आता कन्या राशीच्या दिशेला चला. (रास म्हटल्याबरोबर कुणी पत्रिका काढू नका, इथे रास म्हणजे आकाशातली दिशा एवढंच.) तिथे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा गुच्छ आहे. त्याची जागा आपल्या गटाच्या दीडपट फार तर, पण तिच्यात हजारावर दीर्घिका आहेत. द्राक्षाच्या घडासारख्या लगडलेल्या. वाडीवरची तीन घरं आणि यात्रेतली गर्दी असा हा फरक.

ॲलन ड्रेसलर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० मध्ये असे ५५ गुच्छ घेतले आणि त्यांतल्या सहा हजारांच्या आसपास दीर्घिका एकेक करून तपासल्या. ही चकली, हा लाडू, हा मसूर, अशी मोजदाद. कामाची ही रीत आपल्या सर्वेक्षणासारखीच, घरोघर जाऊन नोंदवहीत खूण करायची. त्यातून जे दिसलं ते आजही पुस्तकांत पहिल्या पानावर असतं. विरळ जागेत दहा दीर्घिका घेतल्या तर सात-आठ चकल्या असतात. जसजशी गर्दी वाढते तसतशा चकल्या कमी होतात, आणि गुच्छाच्या अगदी मध्यात दहातली जेमतेम एक उरते. बाकी सगळे लाडू नि मसूर, तांबूस, पाळणा थांबलेले.

इथे तो मोठा प्रश्न येतो. लाडू गर्दीत जन्मालाच लाडू म्हणून आला, की चकली होती आणि गर्दीने तिचा लाडू केला? आपल्या भाषेत, बियाणं तसं होतं की रान तसं होतं?

शेतात राबणाऱ्या बाईला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. एकाच पिशवीतली ज्वारी एकीने दाट पेरली, एकीने पातळ पेरली, तर कणसं सारखी येत नाहीत. पण बियाणंच हलकं असेल तर रान कितीही चांगलं असून काय उपयोग? दोन्ही खरं असतं आणि कुठे किती, हे शोधायचं असतं. दीर्घिकांबाबत शास्त्रज्ञ पन्नास वर्षं तेच शोधतायत.

रान काय काय करतं, ते आधी बघू.

सगळ्यांत नाट्यमय प्रकार आहे उफणणीचा. खळ्यावर आपण वाऱ्याला उभं राहून पाटीतून धान्य सोडतो. दाणा जड, तो सरळ खाली पडतो. भूस हलकं, ते वाऱ्याबरोबर जातं. गुच्छात दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे अतिशय विरळ पण भयंकर तापलेला वायू भरलेला असतो, एक कोटी ते दहा कोटी अंश तापमानाचा. इतका, की गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांचं वजन एकत्र केलं तरी त्याच्याहून या वायूचं वजन जास्त भरतं. आता एखादी चकली बाहेरून या गुच्छात शिरते, सेकंदाला हजार किलोमीटरच्या वेगाने. मोटारसायकलवर मागे बसलं की वारा पडलेला असला तरी पदर फडफडतो ना, तसं तिच्या तोंडावर वारं येतं. त्या वाऱ्यात तिचा स्वतःचा थंड वायू मागे उडून जातो. तारे जड आणि टणक दाण्यासारखे, ते जागेवर राहतात. भूस गेलं, दाणा राहिला. फरक एवढाच की खळ्यावर भूस गेल्याचा आपल्याला आनंद असतो, इथे जे उडून जातं तेच पुढच्या पिढीचं बियाणं असतं. हे होत असणार, असं गन आणि गॉट या दोघांनी १९७२ मध्येच गणिताने मांडलं होतं.

आता तर याचे फोटोच आहेत. दक्षिण आकाशात बावीस कोटी प्रकाशवर्षांवर एक गुच्छ आहे, त्यात शिरणाऱ्या एका दीर्घिकेचं नाव आहे ईएसओ १३७-००१. नाव रेशनकार्डाच्या नंबरासारखं आहे, पण चित्र बघाल तर विसरणार नाही. दीर्घिका पुढे आणि तिच्यामागे वायूची शेपटी, दोन लाख प्रकाशवर्षांहून लांब. म्हणजे शेपटीच आपल्या आकाशगंगेच्या दुपटीहून मोठी. अशांना जेलीफिश दीर्घिका म्हणतात. समुद्राकाठच्या मैत्रिणींनी जाळ्यात लोंबते दोरे असलेला तो प्राणी पाहिला असेल. त्या शेपटीतही काही ठिकाणी वायू गोळा होऊन नवे तारे जन्मतायत, घराबाहेर, रस्त्यावर. आणि वायू दाबला गेल्याने काही दीर्घिकांत उलट थोडा काळ ताऱ्यांचा जन्म वाढतो सुद्धा. विझायच्या आधी वात मोठी होते, त्यातला प्रकार.

दुसरा प्रकार गाजावाजा न करणारा, आणि माझ्या मते जास्त विचार करायला लावणारा. आपल्या विहिरीत आज पाणी आहे, पण झरे बंद झालेत. लगेच कुणाला कळत नाही. मोटर चालते, पाटाने पाणी येतं, पीक हिरवं दिसतं. दोन-चार पाण्यांनंतर तळ दिसतो. दीर्घिकेचंही असंच. तिच्यातला वायू तारे होण्यात खर्च होत असतो, आणि बाहेरच्या पोकळीतून नवा वायू हळूहळू झिरपत येत असतो. आपल्या आकाशगंगेत आजही वर्षाला सूर्याएवढे एक-दोन तारे होतात, ते या झऱ्यांच्या जोरावर. गुच्छात शिरलं की हा बाहेरचा पुरवठा तुटतो. दीर्घिका आहे तेवढ्या वायूवर काही काळ तारे करत राहते, मग थांबते. कुणी तिच्यावर घाव घातलेला नसतो. याला शास्त्रज्ञ उपासमार म्हणतात. हा विचार १९८० मध्ये ज्या तिघांनी मांडला, त्यात एक बाई होती. बिट्रिस टिन्सली. तिच्याबद्दल इथे थांबून सांगायलाच हवं.

बिट्रिसचा जन्म १९४१ चा, इंग्लंडमधला. वाढली न्यूझीलंडमध्ये. लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे ती अमेरिकेत डॅलसला आली. तिला पुढे शिकायचं होतं ते खगोलशास्त्र, आणि ते शिकवणारं विद्यापीठ होतं ऑस्टिनला, तीनशे किलोमीटरवर. ही बाई डॅलसहून ऑस्टिनला ये-जा करत शिकली आणि तिने पीएच. डी. मिळवली. त्या काळी बरेच जण धरून चालायचे की दीर्घिका एकदा झाली की झाली, तिचा उजेड तसाच राहतो, आणि त्या उजेडावरून विश्वाची मापं काढायचे. बिट्रिसने दाखवलं की तसं नाही. तारे जन्मतात, म्हातारे होतात, मरतात, आणि त्याबरोबर अख्ख्या दीर्घिकेचा रंग आणि उजेड बदलत जातो. तो हिशेब धरला नाही तर विश्वाचं मापच चुकतं. भल्याभल्यांना हे पटायला वेळ लागला.

दोन मुलं दत्तक घेतलेली, घर सांभाळायचं, आणि एवढं नाव होऊनही डॅलसमध्ये तिला तिच्या लायकीची कायमची जागा मिळाली नाही. शेवटी ती संसारातून बाहेर पडली. मुलं वडिलांकडे राहिली. हे लिहिताना सोपं वाटतं, पण कुठल्याही बाईला विचारा. १९७५ मध्ये ती येल विद्यापीठात गेली आणि तीन वर्षांत तिथली खगोलशास्त्राची पहिली स्त्री प्राध्यापक झाली. येलमध्येच लार्सन या सहकाऱ्याबरोबर तिने १९७८ मध्ये दाखवलं की ज्या दीर्घिका एकमेकींशी झोंबत असतात त्यांच्यात ताऱ्यांच्या जन्माचा अचानक भडका उडतो. दोन वर्षांनी तो उपासमारीचा विचार आला. १९८१ मध्ये कॅन्सरने ती गेली. वय चाळीस. न्यूझीलंडमधल्या एका डोंगराला आज तिचं नाव आहे.

तिची गोष्ट वाचून मी तीच का सांगते आहे, हे तुम्हाला वेगळं सांगत नाही. पुढे चलू.

तिसरा प्रकार धक्क्यांचा. आपल्याला वाटेल, गर्दी जिथे जास्त तिथे दीर्घिका एकमेकींत जास्त मिसळत असतील. मलाही तसंच वाटलं होतं, पण उलट आहे. मोठ्या गुच्छात सगळ्या इतक्या वेगाने पळत असतात की एकमेकींना धरायला वेळच नसतो. एसटी स्टँडवर गाडी सुटायच्या वेळी जसं होतं तसं, धक्का लागतो, माणूस पुढे निघून गेलेला असतो. असे धक्के शेकडो वेळा बसले की लहान, नाजूक चकल्यांची वळणं विस्कटतात आणि काही तारे घरातून बाहेर फेकले जातात. कन्या राशीच्या गुच्छात असे तारे सापडलेत, जे कुठल्याच दीर्घिकेचे नाहीत. दोन घरांच्या मधल्या अंधारात एकेकटे फिरतायत. हबल दुर्बिणीने ते १९९० च्या दशकात टिपले.

खरं मिसळणं होतं ते लहान गटांत. चार-पाच दीर्घिका, वेग कमी, एकमेकींच्या ओढीत सापडायला वेळ भरपूर. तूमरे नावाच्या दोन भावांनी १९७२ मध्ये त्या वेळच्या साध्या संगणकावर गणित मांडून दाखवलं, की दोन दीर्घिका जवळून गेल्या की त्यांच्यातून ताऱ्यांचे लांब पूल आणि शेपट्या ओढून निघतात. फोटोत दिसणाऱ्या विचित्र आकारांचा उलगडा त्यातून झाला. दोन सारख्या चकल्या पूर्ण मिसळल्या तर वळणं मोडून बहुतेक वेळा लाडू तयार होतो. म्हणजे यात्रेत येऊन पोहोचलेले कितीतरी लाडू आधी वाडीवरच लाडू झालेले असतात, गर्दी त्यांना तयारच सापडते. दोष यात्रेला लागतो, घडलेलं असतं वाटेत.

अशा लहान गटाचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्टीफनचं पंचक. फ्रान्समधल्या मार्सेच्या वेधशाळेत एडुआर स्टीफनने १८७७ मध्ये महाश्व तारकासमूहात पाच दीर्घिका एकमेकींना चिकटून असलेल्या पाहिल्या. २०२२ च्या जुलैमध्ये जेम्स वेब दुर्बिणीची पहिली चित्रं जगाला दाखवली, त्यात हे पंचक होतं. वर्तमानपत्रात तुम्ही पाहिलंही असेल. या पाचांतली एक मुळात गटातली नाहीच! ती चार कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि बाकीच्या चौघी एकोणतीस कोटींवर. नुसती समोर उभी राहिल्यामुळे फोटोत आली. आपल्या मेळाव्याच्या फोटोत पाहुण्यांच्या शेजारी कुणीतरी येतंच ना उभं, तशी. बाकी चौघींपैकी एक गटात बाहेरून सेकंदाला आठशे किलोमीटरच्या वर वेगाने घुसते आहे. लहान गटात एवढा वेग म्हणजे अपवादच. तिच्या धडकेने मधल्या वायूत आघाताची जी लाट उठली आहे ती आपल्या अख्ख्या आकाशगंगेहून मोठी आहे. कुठे वायू दबून तारे जन्मतायत, तर कुठे वायू तापून ताऱ्यांचा जन्मच अडतोय, आणि हे एकाच घरात शेजारी शेजारी चाललंय. आघाताने भलं होतं की वाईट, असा एक शब्दात निकाल इथे लागत नाही.

हे सगळं बदलत आलंय याचा पुरावा काय? आकाशात एक सोय आहे, लांबचं बघितलं की जुनं दिसतं, कारण प्रकाशाला यायला तेवढा वेळ लागलेला असतो. बुचर आणि ओमलर यांनी १९७८ मध्ये खूप लांबचे दोन गुच्छ पाहिले, काही अब्ज वर्षांपूर्वीचे. त्यांत निळ्या दीर्घिका आजच्या गुच्छांपेक्षा पुष्कळ जास्त निघाल्या. म्हणजे आज जिथे तांबडे लाडू आहेत तशा जागी पूर्वी निळ्या चकल्या होत्या. रानाच्या बाजूने ही साक्ष मजबूत आहे.

बियाण्याची बाजूही पडलेली नाही. फार वजनदार दीर्घिका एकट्या, विरळ जागेत असल्या तरी त्यांच्यात तारे जन्मायचे थांबलेले दिसतात. त्यांना थांबवायला गर्दी लागत नाही. त्यांच्या पोटातलं महाकाय कृष्णविवर आसपासचा वायू तापवून थंड होऊ देत नाही, हे त्याचं एक मोठं कारण मानतात. कन्या गुच्छाच्या मध्यात बसलेली एम ८७ ही लाडूसारखी दीर्घिका आठवा, तिच्याच कृष्णविवराचा पहिला फोटो एप्रिल २०१९ मध्ये आला होता. ती लहान दीर्घिका गिळत गिळतच एवढी झाली. लहान दीर्घिकांचं मात्र बहुतेक सगळं रानावर असतं. एकट्या असल्या तर त्या तारे करत राहतात. मोठ्याच्या दारात गेल्या की त्यांचा वायू जातो. सध्याचं उत्तर थोडक्यात असं आहे, की मोठ्याला त्याचं वजन थांबवतं आणि लहानाला त्याचा शेजार.

आता हे सगळं अमेरिकेतच चालतं असं समजू नका. नारायणगावजवळ खोडदला, द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या रानांत, जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. लोखंडी पत्र्याऐवजी तारांची जाळी वापरून ती स्वस्तात केली, वारा जाळीतून निघून जातो. थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, पण तो रेडिओ लहरी सोडतो आणि ही दुर्बीण त्या लहरी ऐकते. दीर्घिकेच्या कडेचा हायड्रोजन सगळ्यांत आधी उडतो, म्हणून कुणाची उफणणी सुरू झाली हे रेडिओवर डोळ्यांआधी कळतं. तुम्ही मला रेडिओवर ऐकताय, तशीच ती दीर्घिकांना ऐकते, फक्त तिकडून बोलणारं कुणी नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे प्रदर्शन असतं, शाळांच्या गाड्या भरभरून येतात. जुन्नर-आंबेगाव भागातल्या गटांनी सहल काढायची झाली तर देवदर्शनाला जोडून हे करता येईल. मुलींना जरूर न्या.

आणि २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला, चारशे कोटी प्रकाशवर्षांवर, किमान ४३ गुच्छांचा मिळून एक महागुच्छ शोधला. म्हणजे गावांचा तालुका नव्हे, जिल्हाच. त्याची लांबी साठ कोटी प्रकाशवर्षांच्या घरात आहे. त्याचं नाव ठेवलंय सरस्वती.

तिकडे कन्या गुच्छाकडे आपली वाडी थोडी ओढली जाते खरी, पण विश्व पसरत असल्यामुळे आपण त्या यात्रेत कधी पोहोचणार नाही, असं आजचं गणित सांगतं. आपली भेट ठरलीच तर देवयानीशी.

तिला तुम्ही दुर्बिणीशिवाय पाहू शकता. दिवाळीच्या आगेमागे, चांदणं नसलेल्या रात्री, नऊ-दहाच्या सुमारास. फटाक्यांचा धूर खाली बसलेला हवा, म्हणून भाऊबीज उरकल्यावर दोन-चार दिवसांत पाहा, आणि चंद्रकोर मावळून जाऊ द्या. उत्तरेकडे तोंड करून वर बघा. पाच ताऱ्यांचं इंग्रजी एम अक्षरासारखं वेडंवाकडं चित्र दिसेल, ती शर्मिष्ठा. तिच्यावर, डोक्याच्या बाजूला, देवयानीच्या ताऱ्यांची ओळ. ययातीही जवळच आहे, महाभारतातलं ते घर आपल्या लोकांनी आकाशात शेजारी शेजारीच मांडलंय. देवयानीच्या ओळीजवळ कापसाचा पुंजका चिकटल्यासारखा एक धूसर ठिपका दिसतो. सरळ त्याच्यावर नजर रोखली तर हरवतो, जरा बाजूला बघितलं की उमटतो. घरातले आणि ओट्यावरचे दिवे बंद करा, मोबाइल पदराखाली ठेवा, डोळ्यांना पंधरा-वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. तो ठिपका म्हणजे आपल्या आकाशगंगेहून मोठी दीर्घिका, आणि तुमच्या डोळ्यांत येतोय तो उजेड तिथून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

कुणाला दिसला तर केंद्राच्या नंबरवर कळवा, कुठल्या गावातून दिसला तेही सांगा. पुढच्या आठवड्यात या वेळेला आपण गटाच्या अंतर्गत कर्जाच्या व्याजाचा हिशेब घेणार आहोत, तेव्हा वह्या आणि पेन घेऊन बसा. नमस्कार.